संध्यावहिनींची तंद्री

माझं अक्षर वाकडं येतं आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधीच भरवसा नव्हता. चौथीनंतर घरी बसले, धाकट्या भावंडांना सांभाळायला. तेव्हा ज्या वेलांट्या शिकायच्या राहिल्या त्या राहिल्याच. कुणाच्या हाती हे पडलंच तर त्याने नीट करून वाचावं. तसं पडणार नाही. मी हे कागद उशांच्या खोळींखाली ठेवते आणि खोळी बदलायचं काम घरात माझ्याशिवाय कुणी करत नाही.

लिहायला बसले त्याला कारण आमची गल्ली. थंडीत इथे लखनौत, वृंदावन योजना नावाच्या आमच्या वसाहतीत, दुपारी ऊन पडलं की बायका खाटा बाहेर टाकून मटार सोलायला बसतात. ऊन तरी कसलं, धुक्यातून गाळून आलेलं, ताकाच्या निवळीसारखं. मीही त्यांच्यात बसते, पण बोलत फारशी नाही. एवढी वर्षं लखनौत काढली तरी माझी हिंदी तोंडाशी येऊन परत जाते. परवा मिश्रा भाभी मोबाइलवर काहीतरी बघत म्हणाली, "आजकल सबको यही बीमारी है. काम में मन न लगे तो बीमारी, बच्चा ऊधम करे तो बीमारी. हमारे टाइम में एक चप्पल पड़ती थी, सब ठीक." सगळ्या हसल्या. मग ती माझ्याकडे वळली. "शालन, तुम्हारी मैडम को भी तो यही था ना? सच में कुछ होता है, कि बस बड़े लोगों के चोंचले हैं?"

मी हसले आणि शेंगा पुढे ओढल्या. घरी आल्यावर मात्र दिवसभर वहिनीच डोळ्यांपुढे होत्या.

माझे मालक फौजेत होते. लखनौच्या छावणीतून रिटायर झाले आणि इथेच सिक्युरिटीत लागले, म्हणून आम्ही गावी, खानापूर तालुक्यात, परत गेलो नाही. संध्यावहिनी आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे राहायच्या. त्या मिरजेच्या. त्यांचे यजमान सबनीस साहेब झाडांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत मोठे शास्त्रज्ञ होते. मूलबाळ नव्हतं. वहिनी घरी डबे करायच्या. जवळच्या मोठ्या इस्पितळात शिकायला आलेली मराठी मुलंमुली, छावणीतले एकटे जवान, अशांचे डबे. वरण, आमटी, चपाती, एखादी उसळ. दुपारी ई-रिक्षावाला येऊन पिशव्या घेऊन जायचा. मी भाज्या चिरायला आणि चपात्यांना जायची.

पहिल्या दिवशीचं मला स्वच्छ आठवतं. वहिनी म्हणाल्या, तू मेथी निवड, मी हिंग घेऊन येते. हिंग कपाटात होता, चार पावलांवर. त्या कपाटापाशी गेल्या, तिथे त्यांना सुईदोरा दिसला, तो घेऊन आतल्या खोलीत साहेबांच्या सदऱ्याला बटण लावायला गेल्या, तिथे खिडकीतून तुळस सुकलेली दिसली, तिला पाणी घालायला अंगणात गेल्या, नळ सोडला आणि पाण्यात केस धुवून घ्यावेत असं त्यांच्या मनात आलं. मेथी निवडून, धुवून, चिरून झाली तेव्हा त्या ओल्या केसांनी दारात आल्या. माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "शालन, मी काय आणायला गेले होते गं?"

मी म्हटलं, हिंग.

"बघ. मी निघते वेळेवर. पोचत नाही."

हे त्या नेहमी म्हणायच्या. हसूनच म्हणायच्या. बोलता बोलता त्यांचे डोळे कुठेतरी लागायचे, आणि मग चेहरा असा व्हायचा, जणू दूरवर कुणी पेटी वाजवतंय आणि ती फक्त त्यांनाच ऐकू येतेय. मी त्याला तंद्री म्हणायची. साहेब त्याला 'गेली' म्हणायचे. जेवताना पुढ्यातली वाटी स्वतःच उचलून घ्यायचे आणि आपल्याशीच म्हणायचे, "गेली."

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौवाले पतंग उडवतात. वर बघितलं तर आभाळ दिसत नाही, नुसते कागद. त्या दिवशी वहिनी गच्चीवर वाळवणाची चादर उचलायला गेल्या आणि खाली आमटी उकळत होती. मी चपात्या लाटत होते, वास आला तेव्हा उठले, पण तोवर पातेल्याचं बूड काळं झालं होतं. वर गेले. चादर तशीच पडलेली, वहिनी कठड्याला टेकून उभ्या. हातात झारा. मला बघून त्यांनी सांगायला सुरुवात केली, त्या हिरव्या पतंगाने तिघांना कसं कापलं, जांभळा कसा घाबरून खाली आला आणि मग दबा धरून परत कसा चढला. त्यांनी सांगितलं तसं मला सगळं दिसलं. मी पण थोडा वेळ उभी राहिले. आमटीचं सांगायला मला जड गेलं.

डबे तसेच गेले. एका मुलाने फोन करून सांगितलं, काकू, आज आमटीला चुलीवरची चव होती. वहिनी हसल्या, पण त्या मुलाने ते दुखवू नये म्हणून म्हटलंय हे त्यांना कळलं होतं. दुपारी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

एका मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दशहरी आंबे आणायला मलिहाबादच्या बागांत गेलो. डब्यांना आमरस द्यायचा ठरला होता. मी बागवानाशी भाव करेपर्यंत वहिनी दिसेनाशा झाल्या. आंब्याच्या झाडांखाली हिरवा काळोख असतो, भर दुपारीही. मी हाका मारत फिरले. खूप आत एका खाटेवर वहिनी उताण्या पडलेल्या, शेजारी राखणदाराची बायको बसलेली, आणि ती तिच्या सासूचं गाऱ्हाणं सांगतेय. वहिनी पानांतून वर बघत होत्या आणि तिचं सगळं ऐकत होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी मला त्या बाईच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगितलं. आंबे मात्र मागेच राहिले. पेट्या रस्त्याच्या कडेला ठेवून आम्ही तशाच गाडीत बसलो होतो.

अशी माणसं वेंधळी असतात, एवढंच मला तोवर वाटायचं. आमच्या गावातही एक होता, म्हशी घेऊन जायचा आणि म्हशीच त्याला घरी आणायच्या.

पण वहिनींचं एक नवल होतं. चौक बाजारातल्या एका बाईकडून त्या चिकनचं, म्हणजे लखनवी भरतकाम शिकल्या आणि एका साडीवर बसल्या ते तीन-चार दिवस उठल्याच नाहीत. जेवणाचं भान नाही, तहानेचं नाही. डबे मी एकटीने काढले. टाका इतका बारीक की उलट्या बाजूने बघितलं तरी सुलटाच वाटावा. साहेब ती साडी हातात घेऊन म्हणाले, "मन असलं की लक्ष लागतं. म्हणजे लक्ष आहे. मन नाही." ते ओरडून बोलत नसत. ओरडले असते तर बरं, असं वहिनीच एकदा म्हणाल्या.

साहेबांनाही मी दोष देत नाही. वीस वर्षं ते वहिनींच्या मागून नळ बंद करत आले होते, दिवे मालवत आले होते. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी त्यांच्या हातची: साखर, मीठ, सोडा. कामावरून दुपारी फोन करून विचारायचे, गॅस बंद केलास का. वहिनी म्हणायच्या, केला. आणि मग माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवते की नाही ते.

ज्या दिवशी मी नव्हते त्या दिवशी ते झालं. माझ्या मालकांना ताप होता म्हणून मी घरी थांबले. वहिनींनी कुकरला चणाडाळ लावली. मिक्सरचं भांडं बिघडलेलं, ते आठवलं. डाळ होईपर्यंत कोपऱ्यावर देऊन येते म्हणून निघाल्या. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं आणि समोरच आलमबागचा ऑटो उभा होता. आलमबागला उतरल्या तर डोक्यावरून मेट्रो गेली. त्यांनी वर बघितलं. नुसतं एकदा बसून बघावं असं वाटलं, असं त्या मला नंतर सांगत होत्या. "शालन, अगं छपरं खालून वाहतात. कुणाची गादी वाळत घातलेली, कुणाची कबुतरं. मग गाडी जमिनीखाली जाते, सगळं काळं, आणि एकदम गोमती. इतकी शांत नदी गं. मला वाटलं आता कुणी मला काही विचारू नये." त्या शेवटच्या स्टेशनपर्यंत गेल्या आणि तशाच बसून परत आल्या. भांडं गाडीतच राहिलं.

इकडे कुकरमधलं पाणी संपलं, झाकण उडालं आणि खिडकीचा पडदा पेटला. शेजारच्यांनी काच फोडून पाणी मारलं म्हणून घर वाचलं. दुपारी मी पळत गेले तर भिंतीवर छतापर्यंत काळा ओघळ आणि वहिनी अंगणात उभ्या. साहेब आत एकटेच काचा वेचत होते.

त्यांनी वहिनींना एका शब्दानेही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक उरकल्यावर त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, फडक्यात गुंडाळला आणि ऑफिसच्या बॅगेत घातला. संध्याकाळी घरी आल्यावर परत लावायचे. रोज. डबे तूर्त बंद झाले. साहेब म्हणाले, मुलांना दुसरी सोय बघायला सांग, दिवाळी झाली की हा उद्योग कायमचा मिटवायचा.

वहिनींचा जीव त्या डब्यांत होता. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यांनी सुरू करून चालू ठेवली होती. तरी त्या भांडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ते बरोबर आहेत. मी उद्या कुणाला तरी जाळून ठेवीन." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "शालन, मला एवढंच कळू दे, की हे मला झालंय, की मी आहेच अशी. झालं असेल तर त्यावर काहीतरी असेल. आहेच अशी असेन, तर मग मिटवलेलंच बरं."

डबा घेणाऱ्यांत रेवा नावाची एक मुलगी होती. नागपूरची, इस्पितळात डॉक्टरकी पुढची शिकत होती. डबे का बंद झाले विचारायला आली आणि वहिनींचं सगळं ऐकत बसली. तिने ती चार इंग्रजी अक्षरं पहिल्यांदा त्या घरात उच्चारली, ए-डी-एच-डी. म्हणाली, काकू, हे फक्त उड्या मारणाऱ्या मुलांना नसतं. शांत मुलींना असतं आणि कुणाला कळत नाही, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघतात. एका वयस्क डॉक्टरीणबाईंचं नाव तिने दिलं.

संध्याकाळी वहिनींनी साहेबांना सांगितलं. मी ओटा पुसत होते. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, रक्ताची तपासणी आहे का. नाही. डोक्याचा फोटो काढून दिसतं का. नाही. मग ठरवतात कशावरून. प्रश्न विचारून.

"प्रश्न विचारून," साहेब म्हणाले. "विसरता का, कंटाळा येतो का, कामं अर्धवट राहतात का. आमच्या संस्थेत विचारा, शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे आजारी निघतील. ज्याचं माप नाही त्याला आजार म्हणायचं, आणि वर गोळी द्यायची. संध्या, हे आपल्याला सोयीचं वाटतं म्हणून खरं होत नाही."

"मग मी काय आहे ते तुम्ही सांगा," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. 

डब्यांचे पैसे येत नव्हते आणि या कामासाठी साहेबांकडे हात पसरायचा नाही असं वहिनींनी ठरवलं. त्यांनी माझ्याकडे उसने मागितले. गावच्या घरावर पत्रे घालायला मी साठवत होते, त्यातले दिले. माझा त्या आजारावर विश्वास होता म्हणून नाही. साहेब बोलले ते मला पटलं होतं. पण वहिनींनी मागताना माझ्याकडे बघितलं ते पूर्ण बघितलं, मध्ये डोळे कुठे गेले नाहीत, म्हणून दिले.

दवाखान्यात मी बरोबर गेले, नाहीतर त्या पोचल्या नसत्या. डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या, घाई नसलेल्या. त्यांनी खूप विचारलं. वहिनी उत्तर द्यायला लागायच्या आणि उत्तर भलत्याच गावाला जायचं, पण बाई थांबायच्या. शेवटी म्हणाल्या, ये चीज़ बड़े होकर नहीं लगती, बचपन से साथ चलती है. लहानपणी तुम्हाला ज्याने रोज बघितलं त्याच्याशी मला बोलायला हवं. तसं नसेल तर दुसरं काही शोधावं लागेल.

वहिनींनी तिथूनच मिरजेला आईला फोन लावला. आईंना सगळे माई म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "माई, इथे एक बाई आहेत, त्यांना माझ्या लहानपणाचं विचारायचंय, जे असेल ते सांग हं," आणि फोन देऊन टाकला. बाई डॉक्टर आहेत हे सांगायचं राहून गेलं.

माई पडल्या जुन्या वळणाच्या. अनोळखी बाई मुलीबद्दल चौकशी करते म्हणजे खोट शोधायला, स्थळाच्या वेळी करतात तशी, एवढंच त्यांना ठाऊक. तो फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे मी सगळं ऐकलं. "हमारी संध्या में कुछ भी खोट नहीं जी," माई मिरजेच्या हिंदीत म्हणाल्या. "एकदम शांत लडकी. एक जगह बैठके मोती का तोरण करती थी. शाळा में पयला नंबर. कभी कुछ गुमाया नहीं." डॉक्टरीणबाईंनी फिरवून फिरवून विचारलं, माईंनी फिरवून फिरवून तेच सांगितलं. स्वयंपाकही येतो, हे शेवटी न विचारता सांगितलं.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. आत्ता काही ठरवता येत नाही, जमलं तर आईंना घेऊन या, म्हणाल्या.

 परत येताना तेलीबागेच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चला. कळलं. मी आहेच अशी." घरी जाऊन त्यांनी माईंना परत फोन केला, ती बाई डॉक्टर होती, खरं सांग म्हणून विनवलं. पण कुठली डॉक्टर हे कळल्यावर तर माई आणखीच घट्ट झाल्या. डोक्याच्या डॉक्टरपुढे मी माझ्या लेकीचं काही वावगं बोलणार नाही, म्हणाल्या, उद्या तेच पुढे करून तुला माहेरी पाठवतील. साहेबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आईच सांगतायत ना." आणि सकाळी रेग्युलेटर बॅगेत गेला.

दिवाळीच्या आठवडाभर आधी माई न कळवता आल्या. मुलीचा संसार मोडतोय असं धरूनच आल्या होत्या. सोबत भडंगाचा डबा आणि जावयासाठी धोतरजोडी.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा साहेब ओट्याखाली वाकून रेग्युलेटर काढत होते आणि माई दारात उभ्या राहून बघत होत्या.

चूल काढून घेणं म्हणजे आमच्याकडे बाईला घराबाहेर काढण्याची पहिली पायरी. माईंना तेच दिसलं. त्या तिथेच खाली बसल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. तिला शिक्षा नका करू. लग्नात मी लपवलं होतं."

साहेब वाकलेलेच राहिले.

मग माई बोलत गेल्या. पदर तोंडाला लावून, कधी साहेबांकडे, कधी फरशीकडे बघत. लहानपणी संध्या एका जागी ठरायची नाही. बँडच्या मागे जायची, शेळ्यांच्या मागे जायची, एकदा तर परक्याच्या वरातीतून पंगतीत जाऊन जेवून आली. मी तिच्या फ्रॉकच्या काठाला घुंगरू शिवले होते, कुठे आहे ते कळावं म्हणून. मग मोठी झाली, पाय थांबले, पण मन तसंच पळायचं. परीक्षेत अर्धा पेपर कोरा ठेवून झाडावरचा कावळा बघत बसली. बाईंनी पट्टीने हात सुजवले, मी उपाशी ठेवली, नारळ उतरवले, दृष्ट काढली. सगळं केलं. ती रात्रंदिवस एकच म्हणायची, माई, मी मुद्दाम नाही करत. "तुमचं स्थळ आलं तेव्हा मी आळीतल्या बायकांना शपथ घातली, कुणी बोलायचं नाही. त्या बाईने फोनवर विचारलं तेव्हाही मी तेच केलं. वीस वर्षांनी पण मला तेच सुचलं."

वहिनी न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना घुंगरू आठवतच नव्हते. नंतर म्हणाल्या, मला वाटायचं हौसेचे होते.

साहेब जमिनीवर माईंच्या समोर मांडी घालून बसले. मला वाटलं आता ते रागावणार. पण त्यांनी विचारलं, "घुंगरू किती वयापर्यंत होते?" मग विचारलं, शाळेत सगळ्या शिक्षिकांचं हेच म्हणणं होतं की एकीचंच. मग, आवडीच्या कामातही असं व्हायचं का. तुम्ही मारल्यावर फरक पडायचा का. किती दिवस टिकायचा. एक एक प्रश्न, शांतपणे, एखाद्या रोपाबद्दल विचारावं तसं. माई सांगत गेल्या. संस्थेची बस येऊन भोंगा वाजवून निघून गेली तरी साहेब उठले नाहीत.

शेवटी ते वहिनींना म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही. पण हे निरीक्षण आहे. इतक्या वर्षांचं, एकाच माणसाचं. ते मी टाकून देऊ शकत नाही." रेग्युलेटर त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी परत बसवला आणि म्हणाले, डॉक्टरांची वेळ घे, मी पण येतो. मग थांबून, "नको, मीच घेतो वेळ."

वहिनी हसल्या. खूप दिवसांनी.

डॉक्टरीणबाईंनी आजार आहे असं सांगितलं आणि गोळी दिली. गोळीने वहिनी बदलल्या का, असं मला विचाराल तर, त्या त्याच राहिल्या. वस्तू हरवायच्याच. गोळी घ्यायचीच विसरायच्या आणि साहेब चहाच्या बशीत ठेवू लागले. पण गोळी घेतलेल्या पहिल्या काही दिवसांतली एक सकाळ आहे. त्यांनी आमटी टाकली, फोडणी केली, उकळी येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, गॅस बंद केला. बस, एवढंच. मग झाकण हातात धरून रडायला लागल्या. मी घाबरले. त्या म्हणाल्या, "शालन, बाकीच्यांना हे असं असतं? इतकं सोपं? रोज?"

 मला ते सोपं असतं हे त्याआधी माहीतच नव्हतं.

डबे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा थोडे. साहेब रिटायर होईपर्यंत चालले. कधी कधी दुपारी त्या माझ्याशी बोलता बोलता पूर्वीसारख्या दूर जात. मी हाक मारत नसे. खरं सांगायचं तर गोळीच्या दिवसांत मला त्या पतंगांच्या गोष्टींची आठवण यायची. त्यांनाही येत असावी. एकदा म्हणाल्या, आता मी पोचते, पण वाटेत काही दिसत नाही.

तेव्हा मिश्रा भाभीला मी काय सांगू? सगळ्या विसरभोळ्यांना हा आजार असतो का, मला माहीत नाही. सगळ्या दंगेखोर मुलांना गोळी द्यावी का, तेही नाही. साहेबांनाच पुरतं पटलं नव्हतं, तर मी चौथी शिकलेली काय सांगणार. मी एक बाई बघितली. तिला लहानपणापासून सगळ्यांनी मारून, बोलून, उपाशी ठेवून बघितलं आणि ती एका गोष्टीपाशी थांबू शकली नाही. मग तिला थांबता आलं आणि ती रडली. चोंचले करणारं माणूस आमटी उतू गेली नाही म्हणून रडत नाही.

माझे उसने पैसे द्यायला साहेब लगेच तयार होते. वहिनींनी देऊ दिले नाहीत. हे माझं देणं आहे, डब्यांतून फेडीन, म्हणाल्या. दर महिन्याला थोडे थोडे. एका महिन्यात दोनदा दिले, ते मी परत केले. एकदा माझ्यासाठी गुंडाळी करून ठेवलेले पैसे एका जवानाच्या डब्यात चपातीच्या घडीत गेले. तो संध्याकाळी येऊन म्हणाला, काकू, आज पक्वान्न जास्तच भारी होतं. माझ्या मालकांनी केव्हाच आशा सोडली होती. म्हणायचे, त्या बाईला स्वतःची चप्पल आठवत नाही, तुझे पैसे काय आठवणार.

ते दोघं लखनौ सोडून मिरजेला निघाले त्या सकाळी दाट धुकं होतं. निरोप आदल्या दिवशीच झाला होता, म्हणून दारात रिक्षा थांबली तेव्हा मला वाटलं त्या काहीतरी विसरून गेल्यात. वहिनी एकट्याच उतरल्या. साहेब आत सामान धरून बसलेले, चारबाग स्टेशनवर गाडी गाठायची होती. वहिनी माझ्या पायरीवर बसल्या आणि पर्समधून नोटा काढल्या. शेवटचा हप्ता राहिला होता.

त्या मोजायला लागल्या. समोरून दूधवाला गेला, त्याच्या किटल्यांचा आवाज धुक्यात विरत गेला, आणि वहिनींची बोटं थांबली. मान त्या आवाजाच्या मागे वळली. मग परत खाली आली. त्यांनी नोटा एकत्र केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. बोटं पुन्हा थांबली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं. राहू द्या वहिनी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.  त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, ओठ हलवत, एक एक नोट गुडघ्यावर ठेवत, शेवटच्या नोटेपर्यंत.

मग सगळ्या उचलून माझ्या हातात दिल्या.

"झाले ना गं पूर्ण?"

"पूर्ण झाले, वहिनी."